पिल्लांवरची मरळ

४ ऑगस्ट

आले एकदाची नागपुरात. दोन बॅगा, एक गादी, कुकर, बाबांनी भिवापूरहून बळंच सोबत दिलेला तिखटाचा डबा आणि नूपुर. नंदनवनात सिंधूताईंच्या घरी वरची खोली मिळाली. खोली म्हणजे गच्चीवर ठेवलेलं खोकंच, पण मोरी ऐसपैस आहे आणि नळाला पाणी धो धो येतं. सिंधूताई एकट्याच राहतात. आयुष्यभर अंगणवाडीत पोरं सांभाळली, आता घर खायला उठतं म्हणाल्या. मी कामावर असताना नूपुरकडे बघायला त्या आपणहून तयार झाल्या. आल्या आल्या तर्री-पोहे पुढे ठेवले. तर्री अशी झणझणीत की भिवापूरच्या पोरीच्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्यावर त्या पोटभर हसल्या.

नूपुरच्या मानेवरची पट्टी त्यांच्या नजरेतून सुटली नाही. मीही लपवलं नाही. नूपुर आता चार वर्षांची होईल, आणि तिला समजायला लागल्यापासून तिच्या अंगावर गळवं आहेत. एक बसतं, दुसरं उठतं. धंतोलीतले दवाखाने पालथे घातले. हा जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाही, असं शेवटी सांगितलं. सासूबाईंचं निदान वेगळं होतं. रक्त नासकं, आणि ते माझ्याकडून आलेलं. उमरेडच्या त्या घरात माझ्या लेकीचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत कोंडायचं. माझा नवरा अंकुश तेव्हा मान खाली घालून मोबाईल बघायचा. शेवटी तोच म्हणाला, पोरगी बरी होईपर्यंत माहेरी जाऊन राहा.

मी निघाले ती कायमची. पण एक उट्टं काढायचं राहिलंय. नूपुर बरी झाली की मान-पाठ उघडी असलेला फ्रॉक घालून तिला त्या दारात उभी करणार आहे. उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाईंनी नुसतं बघायचं. मग आम्ही वळून चालू लागायचं.

नुसतं लिहूनच किती बरं वाटलं!

७ ऑगस्ट

नोकरी वर्धा रोडवरच्या एका खाजगी संशोधन केंद्रात आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून इतकी वर्षं पोळ्या लाटल्या. आज पांढरा कोट अंगावर चढवला तर आरशासमोरून हलवेना.

काम मजेचं आहे. मासा घाण पाण्यात राहतो, खरचटतो, तरी सहसा सडत नाही. का? तर अंगावरच्या बुळबुळीत चिकट्यामुळे. तो चिकटा माणसाच्या रोगजंतूंना मारतो का, हे आम्ही तपासतो. माशाला एक दिवस उपाशी ठेवायचं, मग पिशवीत थोडं मिठाचं पाणी घेऊन त्यात त्याला हलकेच झुलवायचं. कमी पडलं तर पाठीवरून चमच्यानं निपटून घ्यायचं, पोटाकडे जायचं नाही, नाहीतर घाण मिसळते. दुसरीकडे काचेच्या बशीत जंतूंचा थर वाढवायचा, त्याला बारीक खड्डे पाडायचे आणि खड्ड्यांत चिकट्याचे थेंब सोडायचे. दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती स्वच्छ कडं दिसलं म्हणजे तिथले जंतू मेले. कडं जितकं रुंद तितका चिकटा जालीम. मला हे कडं बघायला फार आवडतं. कोणीतरी आपल्या बाजूनं भांडल्यासारखं वाटतं.

आमचे प्रमुख अश्विन सर. पन्नाशीचे, हुशार, कायम घाईत. आज सिंधूताईंना बँकेत जायचं होतं म्हणून नूपुरला तासभर सोबत नेलं, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले की हे पाळणाघर नाही. वर तिच्या पट्टीकडे बोट दाखवून, हे पसरणारं आहे का, असंही विचारलं. नूपुर माझ्या मागे लपली. मी हसून घेतलं. पण माझ्या डोक्यातून असल्या गोष्टी पुसल्या जात नाहीत.

१० ऑगस्ट

आज मरळ आली! रामटेककडच्या एका जुन्या तलावावर मासे धरणारे रुपराव ढीवर तिला निळ्या ड्रममधून घेऊन आले. हातभर लांब, काळपट, सापासारखं डोकं. मरळ बाहेरची हवा घेते, म्हणून मधून मधून वर येऊन गुळुक करून घोट घेते. पावसात ओल्या गवतावरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाते म्हणे. आणि ही एकटी नाही. सोबत तिची पिल्लं आहेत, तांदळाएवढी, लाल-केशरी. सगळी मिळून एक गोळा करून फिरतात आणि आई खाली उभी राहून राखण करते. टाकीजवळ बोट नेलं तरी काचेवर धडक मारते.

रुपराव नाराज होते. पिल्लांवरची मरळ त्यांच्याकडे कोणी धरत नाही. चुकून जाळ्यात आली तर तिथल्या तिथे सोडतात. पण राखण करतानाचा चिकटा सगळ्यात जालीम असणार असा सरांचा अंदाज, आणि त्यांनी पिच्छाच पुरवला. रुपरावांनी निदान पिल्लंही सोबत आणली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मायलेकरायले तोडू नका, काजलताई. काम झालं का मले फोन करा, मी जागच्या जागी नेऊन सोडतो." मी हो म्हटलं. अगदी शब्द दिला.

पिल्लं सारखी तिच्या पाठीला अंग घासतात आणि चमकत बाजूला होतात. ती आपला चिकटा त्यांना देते. गंमत म्हणून मी टाकीत एक गप्पी मासा सोडला, तो तिनं क्षणात गिळला. दुसऱ्या गप्पीला तिचाच चिकटा चोळून सोडला, तर त्याला चक्क गोळ्यात सामील करून घेतलं! त्याच्याभोवतीही तशीच फेऱ्या घालत राहिली. घरी येऊन नूपुरला सांगितलं तर ती टाळ्या पिटत, मलाही गप्पी कर, म्हणाली.

१४ ऑगस्ट

आईच्या चिकट्याची कडी चांगली आली, पण डोळे दिपवणारी नव्हेत. सर म्हणाले, तुलनेसाठी पिल्लांचंही बघू. पिल्लं इतकी लहान की त्यांचा चिकटा वेगळा काढणं अशक्य. म्हणून सर म्हणाले, सगळीच वाटून घे. टाकीजवळच्या ओट्यावर मी जाळीनं ती गोळा केली, काचेच्या खलात घातली आणि वाटली. पाच मिनिटांचं काम. रंग सुरेख आला, केशरासारखा. गप्पीही त्यातच गेला, तो आता वेगळा ओळखू येत नव्हता. अर्क गाळून बशीत घातला आणि खल धुऊन पालथा घातला.

मरळ काचेशी येऊन उभी होती. आज तिनं धडक मारली नाही. वर येऊन एक घोट घेतला, पुन्हा खाली जाऊन तिथेच उभी राहिली. मी इकडून तिकडे गेले की तीही त्या बाजूला वळत होती. उद्या झेंडावंदन आहे, नूपुरला पांढरा फ्रॉक धुवायचाय.

१७ ऑगस्ट

पिल्लांच्या अर्कानं काहीच झालं नाही. एकही कडं नाही. फुकट गेली.

पण आई! पिल्लं काढल्यानंतरचा तिचा चिकटा घातला आणि बशा बघून सर खुर्चीतून उठले. दुप्पट, तिप्पट कडी. धंतोलीच्या एका दवाखान्यातून आलेला पुवाचा जंतू, ज्याच्यापुढे सगळ्या औषधांनी हात टेकले, तोही साफ. सरांनी फोनवर फोन लावले. माझं नाव एकाही फोनमध्ये घेतलं नाही. मी ऐकत होते.

रुपरावांचा फोन आला होता, पिल्लं कशी आहेत विचारायला. मी उचलला नाही.

मग मी माझं काम केलं. नूपुरच्या पाठीवरच्या गळवातला पू सकाळी काडीवर घेऊन आले होते. तो बशीत लावला आणि मध्ये मरळीचा चिकटा.

१९ ऑगस्ट

नूपुरच्या बशीतलं कडं सगळ्यांत मोठं. बशीभर पसरलंय. कडेला कुठे जंतूंची नखाएवढी कोर उरलीय, बस. केंद्रातल्या बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकी वर्षं आम्हाला ज्यानं छळलं तो हा असा मरून पडलेला.

माणसावर लावायची परवानगी अजून कुठे आहे? वर्षं जातील. सर पुरस्कार घेतील, सासूबाई माझ्या लेकीचं ताट वेगळं ठेवत बसतील. मी वाट बघणार नाही. गाळलेल्या चिकट्याची छोटी बाटली पर्समध्ये टाकून घरी आणली.

पाठ, मान, काखेतलं गळू, सगळीकडे बोटानं लावलं. नूपुर म्हणाली गार गार वाटतं. आईनं लावलं म्हणून छान वाटतं, असंही म्हणाली, माझी राणी.

२३ ऑगस्ट

गळवं बसली. डागसुद्धा नाहीत! मी आता सगळ्या अंगाला लावते, रोज, अंघोळीनंतर, परत कधी उठूच नयेत म्हणून. कातडी अशी तुकतुकीत झालीय की सिंधूताई सारखा हात फिरवून बघतात. काहून वं, काय लावून राहिली पोरीले, मलेही दे, म्हणाल्या. मी टाळलं.

फोटो काढला, पाठीचा, आणि अंकुशला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी सासूबाईंचा फोन. आवाजात साखर. पोळ्याले घेऊन ये ना वं पोरीले, आपलीच तर पोरगी आहे. मी त्यांना पूर्ण बोलू दिलं आणि मग फोन ठेवून दिला. जेवण गोड लागलं.

आज मरळीच्या टाकीशी उभं राहून तिला थँक्यू म्हणाले. खरंच म्हणाले. ती वर आली, गुळुक केलं, माझ्याकडे बघितलं.

२६ ऑगस्ट

दुपारी सर दिल्लीच्या पाहुण्यांना टाकी दाखवत होते. आपलं माणूस ओळखते म्हणून ऐट करत हात पाण्यात घातला. तिनं अंगठ्याच्या खाली धरलं आणि सोडलं. जखम म्हणाल तर कंगव्याचे दात टोचावेत एवढी. सर हसले, पाहुणेही हसले. मीही हसले, थोडी जास्तच.

२९ ऑगस्ट

सर धंतोलीत दाखल आहेत. हात कोपरापर्यंत काळा. जखमेतला जंतू आमच्याकडे तपासायला आला, तो दवाखान्यातून आधी आलेल्या पुवातलाच निघाला, ज्याला पिल्लं काढल्यापासून आमचा चिकटा हमखास मारतो. मी बशी लावली. कडं नाही. पुन्हा लावली, ताजा चिकटा काढून. काही नाही. खड्ड्याच्या काठापर्यंत जंतू माजलेले.

शेजारीच नूपुरच्या जंतूची बशी. तिच्यात लख्ख कडं. एकच चिकटा, एकाच बाटलीतला.

म्हणजे कोणाला वाचवायचं आणि कोणाला नाही हे ती ठरवते. विज्ञानाच्या माणसानं असं लिहू नये, पण मी लिहिणार. पिल्लं वाटायला कोणी सांगितलं ते तिला माहीत आहे. माझ्या लेकीला पसरणारी म्हणणाऱ्याचा हात सडतोय आणि माझी लेक लखलखतेय. ती माझ्या बाजूची आहे. आईच आईला ओळखते. सरांच्या बायकोचा फोन आला, रडत होत्या. मी दोन शब्द बोलले. वाईट वाटलं नाही, ते नाटक इथे तरी कशाला करू.

३१ ऑगस्ट

सरांचा हात काढला. ताप तरीही उतरत नाही.

नूपुर मोरीतल्या अंघोळीच्या टबातून बाहेर यायला बघत नाही. सकाळी बसली की सिंधूताईंनी ओढून काढेपर्यंत. टॉवेलनं पुसलं तर किंचाळते, खरखरीत लागतो म्हणे. पंखा नको. भात नको. इतका उकाडा आहे, पण तिला घाम येत नाही. आज डोकं पाण्याखाली घालून बसली होती. मी धावले. ती शांतपणे वर आली, तोंड उघडलं, घोट घेतला. गुळुक. आणि परत खाली.

खेळत असेल. तिलाच मी मरळीच्या गोष्टी सांगते ना रोज.

१ सप्टेंबर

सिंधूताई वर आल्या. चेहरा उतरलेला. पोरगी दिवसभर एकच बोलून राहिली म्हणाल्या, "माही आई घरी नाही, टाकीत हाये." त्यांनी समजावलं, आई कामावर गेली, येते. तर नूपुर म्हणाली, ती नाही. ती खलवाली.

खलवाली. मी घरी खलाचं कधी बोलले नाही. एक शब्द बोलले नाही.

मी तिला उचलून घेतलं. अंग माशासारखं निसटतं. मी आई आहे ना गं, म्हटलं. तिनं माझ्या गालाला हात लावला, मग हात फ्रॉकला पुसला. सासूबाई तिला शिवल्यावर पुसायच्या तसा.

आणि मला तो गप्पी आठवला.

तिचा चिकटा ज्याच्या अंगावर, ते तिचं. मी रोज लावलाय. या हातांनी, अंघोळीनंतर, सगळ्या अंगाला, एक जागा न सोडता. पिल्लं वाटणारीनंच आपलं पिल्लू तिच्यासाठी तयार करून दिलं. ती माझ्या बाजूची कधीच नव्हती. सरांचं काम ती लवकर उरकतेय, एवढंच. माझं सावकाश चाललंय.

साबणानं घासलं नूपुरला. डाळीच्या पिठानं. राखेनं. जात नाही. आतून येतंय आता.

२ सप्टेंबर, पोळा

केंद्राला सुट्टी. मी गेले. तिखटाचा डबा घेऊन गेले.

विषानं पटकन मेली असती. तसं नको होतं मला. दुपारच्या उन्हात टाकी चमकत होती आणि ती तशीच काचेशी उभी. मी तिला सगळं बोलले. तोंडाला येईल ते. माझी पोर नासकी म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेतलं नाही, तुझं घेईन होय? भिवापूरची मिरची आहे, म्हटलं, घे. मूठ भरून तिखट टाकीत टाकलं. दुसरी मूठ. पाणी लाल झालं.

ती उसळली. काचेवर, झाकणावर, पुन्हा काचेवर. डोळे पांढरे. मी बघत होते. दात-ओठ खाऊन आणखी एक मूठ —

फोन वाजला. सिंधूताई. मागे किंचाळी. नूपुरची. "अंग जळून राहिलं म्हणते वं, सगळं अंग! टबात साधं पाणी हाये, काय झालं काही समजत नाही! लाल लाल झाली पोरगी, डोये उघडत नाही!"

मी टाकी पालथी केली. सांडू दे. मरळ फरशीवर. तिला उचलून नळाखाली धरलं, दोन्ही हातांनी, डोळे धुतले, कल्ले धुतले, पाठ धुतली. बाळासारखं. फोन ओट्यावर चालूच. जसजशी तिला धुतली तसतशी तिकडची किंचाळी हुंदक्यांवर आली. मग थांबली. सिंधूताई म्हणाल्या, झोपली.

ती माझ्या हातांत शांत पडून होती. चावली नाही. चावायची गरज नाही तिला.

मारता येत नाही. मारलं तर —

रुपरावांना फोन केला. त्यांनी पिल्लं कुठे विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, सकाळी गाडी आणतो.

३ सप्टेंबर, मारबत

रुपरावांच्या छोटा हत्ती टेम्पोत. मागे ड्रम, ड्रममध्ये ती. मांडीवर नूपुर, ओल्या चादरीत. सुकली की घोट घेते. महाल भागाकडून मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, रस्ता अडलेला. पिवळ्या मारबतीचा पुतळा डोक्यावरून गेला, सगळे ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत. मीही ओरडले. गळा फुटेपर्यंत. नूपुरनं कान झाकले. कोणाला घेऊन जा म्हणतेस, म्हणाली. माझ्या आईला?

सर गेले. सकाळी मेसेज आला. काहीच वाटलं नाही, आता वेळ नाही.

तिचं तिला परत देते. तिची जागा, तिचं पाणी. शब्द दिला होता तसं. मग ती माझं सोडेल. सोडेल ना. रुपरावांना विचारलं. त्यांनी हॉर्न दाबून गर्दीतून गाडी पुढे काढली.

तलाव

लिहिलं नाही तर किंचाळेन, म्हणून लिहितेय.

सोडली. ड्रम आडवा केला, ती पाण्यात सरकली. गेली नाही. काठाशीच उभी आहे. वाट बघतेय.

नूपुरनं हात सोडवला. सोडवला नाही, निसटला. इतका घट्ट धरला होता मी.

बसलीय पाण्यात. कमरेपर्यंत. हसतेय. किती दिवसांनी. पाठ उघडी, उन्हात चमकतेय. एक डाग नाही.

मी आत पाय टाकला की मरळ येते. धडक. पोटरी फाडली. पुन्हा गेले, पुन्हा धडक. मग परत जाऊन नूपुरभोवती फेऱ्या. तशाच. त्या लाल गोळ्याभोवती घालायची तशाच —

रुपराव जाळं आणायला धावले. मी नको म्हणून ओरडले. तिला ओढलं, तिला टोचलं, तर माझ्या पोरीला — त्यांना काय सांगू. जाळं हातात घेऊन उभे आहेत.

नूपुर म्हणून हाक मारली. तिनं बघितलं. काठावर कोण बाई उभी आहे, असं.

कळलं. मारायचं नव्हतंच तिला. मला इथे उभं करायचं होतं. उंबरा ओलांडायचा नाही, नुसतं बघायचं. उमरेडच्या दारासाठी मी ठरवलं होतं तेच. अगदी शब्दशः.

छातीपर्यंत पाणी आलं नूपुरला. मरळ तिला आत नेतेय. हळू. घाई नाही.

बाटली. पर्समध्ये शेवटची बाटली आहे.

गप्पीला घेतलं होतं तिनं. मलाही घेईल. एवढंच उरलंय. निदान जवळ तरी —

तोंड, मान, हात, पाय. गार. पोटरीची आग थांबली, लगेच. नूपुर खरं सांगत होती, छान वाटतं. रुपराव काजलताई काजलताई ओरडतायत. कोणाला ओरडतायत —

ती बाजूला झाली. वाट दिली.

पेन निसटतंय. बोटं

नूपुर आई म्हणाली. तिकडे तोंड करून, मरळीकडे. मला रडू यायला हवं होतं. मीही तिकडेच बघितलं आणि माझ्याही तोंडून आ